उज्जैनचा सूर्योदय

“सर, प्रोग्राम असा स्वतःच्या घरात ठेवायचा नसतो.”

“मग कुठं ठेवू? शेजाऱ्याच्या?”

उपाध्ये सर स्वतःच्याच विनोदावर हसले. मी हसले नाही. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, बी.एस्सी. कॉम्प्युटर करून आलेली, आणि मला सगळं जागच्या जागी लागायचं. शहाणपणा ओसंडून वाहत होता नुसता.

मिरजेतल्या तांबवेकर मुद्रणालयात मी कामाला लागले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांचे अहवाल असलं सगळं तिथं छापायचे, पण प्रेसची खरी ओळख ‘कृष्णातीर पंचांग’. त्याचं गणित भूपाल उपाध्ये सर करायचे. ते सांगलीच्या कॉलेजातून गणित शिकवून निवृत्त झालेले. कॉलेजात युनिक्सचं मशीन आलं तेव्हा पन्नाशीत सी ही प्रोग्रामची भाषा शिकले आणि पंचांगाचं सगळं गणित त्यात लिहून काढलं. त्याआधी वीस वर्षं लॉगची पुस्तकं आणि शिसपेन. एकूण एकतीस पंचांगं झाली होती आणि एकालाही शुद्धिपत्रक काढावं लागलं नव्हतं. आतल्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात ‘गणितकर्ते : भूपाल बा. उपाध्ये’ असं छापलेलं असायचं. गावोगावचे लोक त्याला ‘कृष्णातीर’ म्हणत नसत. ‘उपाध्यांचं पंचांग’ म्हणत.

प्रेसमध्ये लिनक्सचं एक मशीन होतं. त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला आपापला फोल्डर मिळतो, त्यालाच घर म्हणतात. तुमची पत्रं, कागद, तुमच्या आवडीनिवडीच्या फायली, सगळं तिथं. प्रोग्राम मात्र तिथं ठेवायचे नसतात. सिस्टिमचे स्वतःचे प्रोग्राम सिस्टिमच्या फोल्डरात असतात, आणि आपण बनवलेले, सगळ्यांनी वापरायचे, ते ‘लोकल’ नावाच्या फोल्डरात. तिथं ठेवले की मशीनवर कुणीही बसो, नाव टाइप केलं की प्रोग्राम चालू. सरांचा ‘तिथी’ नावाचा प्रोग्राम होता त्यांच्या घरात. म्हणजे सरांचा पासवर्ड टाकल्याशिवाय पंचांग निघायचं नाही.

“निशिकांतदादा म्हणाले, सिस्टिममध्ये टाक,” मी म्हटलं. “ते म्हणतात, उद्या सरांना काही झालं तर आपण पंचांग बंद करायचं का?”

“बरोबर आहे त्याचं. मला पासष्ट पूर्ण झाली.” सरांना राग आला नाही. मला वाटलं होतं येईल. उलट खुर्ची सरकवून त्यांनी मला जागा करून दिली. “टाक बाई. शिस्तीनं टाक.”

मी त्यांच्या घरातल्या फायलींची यादी काढली, एकेक करून सगळ्या हलवल्या. प्रोग्राम लोकलमध्ये गेला. ग्रहांचे तक्ते शेजारच्या फोल्डरात गेले. सर चष्मा कपाळावर ढकलून पडद्याशी नाक लावून बघत होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

“आता मालक कोण दिसतो याचा?” त्यांनी विचारलं. यादीत प्रत्येक फायलीपुढं मालकाचं नाव येतं. आधी तिथं ‘उपाध्ये’ यायचं.

“रूट.”

“म्हणजे कोण?”

“म्हणजे कुणी नाही सर. म्हणजे सिस्टिम.”

“झालं. संन्यास घेतला पोरानं,” सर म्हणाले आणि पुन्हा एकटेच हसले.

मग आम्ही तपासून पाहिलं. त्यांच्याच नावानं मशीन उघडलेलं होतं, तिथूनच ‘तिथी’ चालवला. गेल्या वर्षीच्या पंचांगाची चार पानं काढून छापलेल्याशी ताडून बघितली. मिनिटाचा फरक नाही. सरांनी माझ्या पाठीवर थोपटलं.

“वैजू, पुढच्या वर्षीचं तू काढ. मी डोळे करून घेतो. पण एक कर, बारा दिवस हातानं कर.”

ही त्यांची पद्धत होती. यंत्रानं वर्ष काढलं तरी दर महिन्यातला एक दिवस ते वहीत हातानं करायचे. सूर्योदय, तिथी, नक्षत्र, सगळं. बारा दिवस जुळले तरच प्रत्येक फर्म्यावर, म्हणजे सोळा पानांच्या प्रत्येक छपाईच्या तावावर, सही करायचे. त्यांची सही असल्याशिवाय फर्मा मशीनवर चढायचा नाही. एका दिवसाच्या गणिताला मला चार तास लागायचे. त्यांनी मला शिकवलं होतं ते, दोनदा.

“हो सर,” मी म्हटलं.

सप्टेंबरात सर ऑपरेशनला गेले आणि मी माझ्या नावानं मशीन उघडून पुढचं वर्ष काढलं. तीन मिनिटांत तीनशेहून जास्त दिवस आले. मला काय कौतुक वाटलं होतं स्वतःचं! निशिकांतदादांना वर नेऊन दाखवलं.

दादा म्हणजे मालक. वडील गेल्यावर त्यांनी धंदा हातात घेतला होता आणि सगळं नवं करायचं त्यांच्या डोक्यात होतं.

“सरांशिवाय निघालं?” त्यांनी विचारलं.

“निघालं.”

“ग्रेट. या खेपेला जमलं की पुढच्या वर्षीपासून सरांच्या नावाखाली तुझं नाव छापू. गणितकर्ते म्हणून.”

माझ्या घराण्यात रेशनकार्ड सोडलं तर कुणाचं नाव कुठं छापलेलं नव्हतं. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं.

आणि बारा दिवस? नाही केले. एक केला, अर्धा. दुसऱ्या दिवशी डीटीपीची गडबड सुरू झाली, दादा घाई करत होते, दिवाळीआधी पंचांग दुकानात जायला हवं होतं. मी मनाशी म्हटलं, प्रोग्राम तोच, तक्ते तेच, सरांच्या समोर तपासलंय. आता डोंबल काय बदलणार आहे?

सर डोळ्यांवर काळा चष्मा लावून प्रेसवर आले. टेबलावर फर्म्यांचा गठ्ठा होता. त्यांनी हातात पेन घेतलं आणि माझ्याकडे वळले. दिसत तर काही नव्हतंच त्यांना धड.

“बारा दिवस जुळले?”

“हो सर.”

“बाराही?”

“हो.”

त्यांनी सह्या केल्या. कुठं करायच्या तिथं मी त्यांचं बोट धरून ठेवत होते.

*

पुढच्या जूनमधली गोष्ट. शुक्रवार होता. सकाळी दहाच्या सुमाराला प्रेसच्या दारात जीप थांबली आणि सात-आठ माणसं आत घुसली. पुढं शिवगोंडा पाटील, नांदगिरवाडीच्या देवस्थानचे पंच. हातात आमचं पंचांग, गुंडाळी केलेलं.

“मालक कुठं हाय? बोलवा मालकाला!”

दादा जिन्यावरून खाली आले. “आबा, बसा की. चहा…”

“च्या ऱ्हाऊ दे तुमचा. ह्ये वाचा आधी. आमची सिद्धोबाची जत्रा कवा असती? जेष्ठ वद्य पंचमीला. तुमच्यात पंचमी कवा लिवलीया?”

दादांनी पान उघडलं. “गुरुवारी. काल.”

“आन् समद्या महाराष्ट्रात कवा व्हती? बुधवारी! पावणं-रावळं बुधवारी आलं निवद घिऊन, आन् देवळात मांडव न्हाई, पालखी न्हाई, पुजारी रानात. वडगावकर आमास्नी हसून गेलं. आज्ज्यापासनं आमची जत्रा तुमच्या पंचांगावर ठरती, मालक. देवाला आमी षष्ठीला निवद दावला. आता ह्येचं काय करायचं, तुमीच सांगा!”

मागून एक म्हातारा पुढं आला आणि पंचांग हातात घेऊन त्यानं ते आमच्या काउंटरवर आपटलं. मला त्या आपटण्याचीच भीती वाटली.

दादांनी हात जोडले, माफी मागितली, पुढच्या वर्षी देवस्थानची पत्रिका फुकट छापून देतो म्हणाले. शिवगोंडाआबा ऐकेनात.

“उपाध्ये मास्तर कुठं हाईत? त्यांचं नाव हाय ह्येच्यावर. आमी त्यांच्या नावावर इस्वास ठेवला. त्येनला इचारून सांगा, चूक कुनाची. आन् ज्येची आसंल त्येचं नाव पेपरात घाला. गावाला कळलं पायजे, आमी येडं न्हवतो.”

“घालतो,” दादा म्हणाले. “आणि ज्याची चूक असेल त्याला या दारात पुन्हा उभं करणार नाही. शब्द देतो.”

हे त्यांनी माझ्यासमोर म्हटलं. मी काउंटरच्या मागं उभी होते.

मंडळी गेली. दादांनी सरांना आणायला रिक्षा पाठवली आणि स्वतः वर फोन करायला गेले. मी मशीनवर बसले. माझ्या नावानं मशीन उघडलं, ‘तिथी’ चालवला, तो दिवस मागितला. गुरुवार, पंचमी. सूर्योदय पाच त्रेचाळीस.

मिरजेत जूनमध्ये पाच त्रेचाळीसला सूर्य उगवत नाही. सहाला एखादं मिनिट कमी. आणि सूर्य उगवताना जी तिथी चालू असेल तीच त्या दिवसाची धरतात. चतुर्थी बुधवारी पाच एक्कावन्नला संपत होती. मिरजेत सूर्य उगवतो तेव्हा ती संपलेली, म्हणजे बुधवार पंचमीचा. पण सूर्य सोळा मिनिटं आधी उगवला असं धरलं तर तेव्हा चतुर्थी अजून चालू, म्हणजे बुधवार चतुर्थीचा आणि पंचमी गेली गुरुवारवर. एवढंच सगळं. सोळा मिनिटं.

मग सरांच्या नावानं उघडून तोच दिवस मागितला. पासवर्ड मला ठाऊक होता, त्यांनीच दिला होता. बुधवार, पंचमी. सूर्योदय पाच एकोणसाठ.

एकच प्रोग्राम, एकच मशीन, आणि दोन माणसांना दोन सूर्य! दोन मिनिटं मी नुसती बघत बसले. मग डोक्यात उजेड पडला.

लिनक्समध्ये फायलीच्या नावाआधी टिंब दिलं की ती साध्या यादीत दिसत नाही. माणसाच्या स्वतःच्या सेटिंगच्या फायली अशाच लपवून घरात ठेवतात, रीतच आहे तशी. सरांनी गावाचा अक्षांश-रेखांश अशाच एका लपवलेल्या फायलीत ठेवला होता, ‘स्थळ’ नावाच्या. मी यादीत दिसलेलं सगळं हलवलं होतं. ती दिसली नव्हती, म्हणून ती राहिली तिथंच. ‘तिथी’ चालवला की तो चालवणाऱ्याच्या घरात ‘स्थळ’ शोधायचा. सरांच्या घरात ती होती. माझ्या घरात नव्हती. आणि नाही सापडली तर काय? सरांनी जुन्या रीतीनं लिहून ठेवलं होतं, उज्जैन धरायचं. आपल्याकडं पूर्वीपासून ज्योतिषाचं गणित उज्जैनच्या रेषेवरून चालतं. अख्ख्या वर्षाचं पंचांग मी उज्जैनचं काढलं होतं. मिरजेच्या घराघरांत सात-आठ महिन्यांपूर्वीच पोचलेलं.

खरं तर ती फाइल सगळ्यांच्या सेटिंगच्या फोल्डरात जायला हवी होती. हे मला पुस्तकात पाठ होतं. बारा दिवसांतला एक जरी हातानं पूर्ण केला असता तरी सूर्योदयालाच अडखळले असते.

घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बाहेर रिक्षाचा आवाज आला असं वाटलं. रिक्षा आली नव्हती अजून. मी सरांच्या घरातली ‘स्थळ’ फाइलची नक्कल करून माझ्या घरात टाकली. पुन्हा माझ्या नावानं चालवला. बुधवार. पाच एकोणसाठ.

का केलं, म्हणाल तर दुरुस्ती म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत होते. चूक सापडली की दुरुस्त करायची असते, नाही का? कसली दुरुस्ती! पुरावा पुसत होते मी. तेव्हाही कळत होतं मला ते.

*

सर आले तेव्हा बारा वाजून गेले होते. धोतर नेसून, छत्री घेऊन. ऑपरेशननंतर त्यांना बरं दिसायला लागलं होतं, जाड भिंगांतून. दादांनी त्यांच्यापुढं पंचांग उघडून ठेवलं. सरांनी पान वाचलं, आणि खुर्चीवर बसायच्या आतच म्हणाले,

“हा सूर्योदय मिरजेचा नाही.”

“मग कुठला?”

“उज्जैनचा.”

“उज्जैन कुठून आलं मध्येच?” दादांचा आवाज चढला. “आपण काय मध्य प्रदेशात विकतो पंचांग? तुमची सही आहे सर प्रत्येक पानावर. बघितलं होतं ना तुम्ही?”

“दिसत नव्हतं मला. वैजूनं बारा दिवस ताडले होते.” सर माझ्याकडं वळले. आवाज अगदी साधा होता, वर्गात विचारावं तसा. “ताडले होतेस ना?”

“हो सर.”

तिसऱ्यांदा ‘हो’ म्हटलं मी. पहिल्या दोन वेळी निदान काय होणार आहे हे माहीत नव्हतं.

“मग बघू या.” सर मशीनपाशी बसले. आधी स्वतःच्या नावानं चालवला. बुधवार. “वैजू, आता तुझ्याकडून चालव.”

मी चालवला. बुधवार.

दादा दोघांच्या मध्ये वाकून बघत होते. “म्हणजे मशीन बरोबर आहे. वैजयंतीकडूनही बरोबर येतंय. मग छापताना उज्जैन घातलं कुणी? चालवलं होतं कुणी सप्टेंबरात?”

“मी,” मी म्हटलं. “सरांच्या प्रोग्रामवरून.”

“त्यात गाव कोण भरतं?”

सर माझ्याकडे बघत होते. मला आजही सांगता येईल, रागानं नाही बघत होते. थांबले होते. त्यांनी मला वेळ दिला होता. मी तोंडात मूग धरून राहिले असते तरी एक वेळ ठीक होतं.

“सर कधी कधी उज्जैनवर पडताळा घेतात,” मी म्हटलं. “स्थळाच्या फायलीत तेव्हा काय होतं, मला कल्पना नाही.”

यातलं पहिलं वाक्य खरं होतं. सर खरंच कधी कधी उज्जैन घालून जुन्या तक्त्यांशी ताडून बघायचे. दादांनाही ते माहीत होतं. म्हणून तर ते वाक्य मी निवडलं.

“म्हणजे उज्जैन घातलं आणि काढायचं राहिलं,” दादा म्हणाले. “ऑपरेशनच्या गडबडीत. असंच ना सर?”

सर पुन्हा पडद्याकडे वळले. “वैजू, तुझ्या घरातली यादी काढ. लपलेल्यांसकट.”

टाइप करताना मी तीन वेळा चुकले. मग यादी आली. त्यात प्रत्येक फायलीपुढं तिची तारीख आणि वेळ येते. ‘स्थळ’पुढं आजची तारीख होती. अकरा चाळीस. सरांनी चष्मा सावरला, पडद्याजवळ गेले आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. बोट तिथं बराच वेळ होतं.

“काय आहे?” दादांनी विचारलं. “काही सापडलं?”

“नाही,” सर म्हणाले. “आता ठीक आहे सगळं.”

त्यांनी छत्री उचलली. दादा त्यांच्यामागून दारापर्यंत गेले. “सर, मी त्या लोकांना शब्द दिलाय. पेपरात निवेदन द्यावं लागेल. तुमच्या नावानिशी. मला वाईट वाटतंय, पण…”

“द्या,” सर म्हणाले. “मजकूर आधी मला दाखवा.”

*

निवेदन मी टाइप केलं. दादा सांगत होते आणि मी टाइप करत होते. ‘पंचांगातील सूर्योदय व काही तिथी गणितकर्ते श्री. भूपाल बा. उपाध्ये यांच्या अनवधानामुळे चुकीच्या छापल्या गेल्या. श्री. उपाध्ये यांच्याशी आता पंचांगाचा संबंध राहिलेला नाही.’ शेवटचं वाक्य दादांनी दोनदा बदलून घेतलं. कागद घेऊन सरांकडे जायला त्यांनी मलाच पाठवलं.

सर मालगाव रोडला दोन खोल्यांत एकटे राहायचे. मुलगी हुबळीला दिली होती. मी गेले तेव्हा सर जमिनीवर बसून जुन्या वह्या दोरीनं बांधत होते. एकतीस वह्या. आधीच्या वीसांत अख्खी वर्षं, पुढच्यांत हातानं केलेले बारा-बारा दिवस. बत्तिसावी त्यात नव्हतीच.

“ये. कागद दे.”

त्यांनी उजेडाकडे धरून वाचला. सावकाश. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा.

“सर…” मी म्हटलं. “सर, मी…”

“अकरा चाळीसला केलीस ना फाइल? मी घरून निघायच्या तयारीत असेन तेव्हा.”

मला रडू फुटलं. मोठ्यानं. त्यांनी पाणी दिलं नाही, गप्प राहा म्हटलं नाही. माझं आवरेपर्यंत दोरीची गाठ मारत बसले.

“तुला ठाऊक आहे,” मग ते म्हणाले, “तू मला तेव्हाच सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? चूक माझी म्हटलं असतं निशिकांतला. आणि खोटं नसतं बोललो मी. फाइल सापडली नाही तर गुपचूप उज्जैन धरायचं, हे मीच लिहून ठेवलं होतं. तसं लिहायला नको होतं. सापडली नाही तर त्यानं तिथंच बोंब मारायला हवी होती, की बाबांनो, गाव सापडत नाही, मला पुढं नेऊ नका. ती चूक माझी होती, वैजू. मी ती आनंदानं घेतली असती. तुझी नोकरीही राहिली असती.”

“सर, माफ करा.”

“आता हे जे लिहिलंय त्यानं…” त्यांनी कागदावर नखानं रेघ ओढली, “…‘अनवधानामुळे’. उज्जैन घालून काढायला विसरलो म्हणे. हे मी केलेलं नाही. एकतीस वर्षांत कधी केलेलं नाही. बत्तिसाव्या वर्षी गावोगाव लोक हे वाचणार.”

“मग सही नका करू!”

“मग तू सांगणार आहेस?”

“सांगते. मी सांगते दादांना.”

“केव्हा?”

मी तोंड उघडलं. आता, म्हणायचं होतं. आत्ता जाऊन सांगते. चालत गेलं तर वीस मिनिटांवर प्रेस होती, रिक्षानं पाच. पण त्या पाच मिनिटांनंतरचं सगळं मला दिसलं. दादांचं तोंड, काउंटर, आईला सांगितलेलं नाव.

सरांनी माझ्या उत्तराची वाट बघितली. प्रेसमध्ये बघितली होती त्यापेक्षा थोडी कमी. मग गुडघ्यावर वही ठेवली, वहीवर कागद ठेवला आणि सही केली. या वेळी कुणी बोट धरायची गरज नव्हती. कागद माझ्यापुढं धरला.

“जा. छापायचं खोळंबलं असेल.”

आणि मी गेले. रविवारी निवेदन छापून आलं, चौकटीत. नांदगिरवाडीच्या लोकांनी ते देवळात लावलं असं नंतर कानावर आलं.

त्या वर्षीच्या दिवाळीत पंचांगाच्या पहिल्या पानावर माझं नाव छापलं गेलं. कुणाच्या खाली नाही, एकटंच. तेव्हापासून बावीस पंचांगं झाली. दर वर्षी बारा दिवस मी हातानं करते, चुकवत नाही. त्यानं कुणाचं काय भलं झालं, मला ठाऊक नाही. सर निवेदनानंतर सहा वर्षं होते. दिसले की मी रस्ता बदलायची. सरांच्या अंत्ययात्रेला प्रेसमधून हार गेला आणि तो मी नेला. लोक म्हणाले, बघा, विद्यार्थिनी कशी असावी.

दादा अजून वरच्या मजल्यावर बसतात. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. मी रोज चढते, पंचांगाची पानं दाखवते, चहा घेते आणि खाली येते.